पोचेल तर पोचेल: इंटरनेट घडलं कसं

‘इंटरनेटचे जनक कोण?’ हा स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमधला हमखास प्रश्न. उत्तर कधी व्हिंट सर्फ असतं, कधी टिम बर्नर्स-ली. दुसरं उत्तर सरळ चूक आहे. बर्नर्स-ली यांनी वेब, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांचं जाळं बनवलं, आणि ईमेल किंवा व्हिडिओ कॉलसारखंच वेबही इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक. पहिलं उत्तर अर्धं बरोबर आहे, कारण सर्फ यांच्या जोडीला बॉब कान यांचं नाव घेतलं नाही तर तो अन्याय ठरेल. याशिवाय एक दंतकथाही ठरलेली असते: अणुबॉम्ब पडला तरी संपर्क टिकावा म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट बांधलं. तीही अर्धीच खरी, पण तिच्याकडे नंतर येऊ.

हा इतिहास वाचताना मला एकच धागा सारखा हाताला लागतो. मधल्या वाटेने कसलीही हमी द्यायची नाही. पॅकेट पोचलं तर पोचलं, हरवलं तर हरवलं. हिशेब ठेवायचा तो दोन टोकांच्या कॉम्प्युटरांनी. वाचायला ही बाब किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती टेलिफोन कंपन्यांच्या शंभर वर्षांच्या शहाणपणाच्या थेट विरोधात होती, आणि ती पचायला त्या काळच्या उत्तम डोक्यांनाही दहा-पंधरा वर्षं लागली.

आधी फोनची पद्धत बघू. पूर्वी ट्रंक कॉल लावला की एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या एक्स्चेंजमध्ये जोडत जोडत दोन फोनांच्या मधे एक अखंड वाट तयार व्हायची. बोलणं संपेपर्यंत ती वाट तुमची. तुम्ही गप्प बसलात तरी तुमचीच, आणि मीटर चालूच. माणसांना हे परवडतं, कारण माणसं फोनवर फारशी गप्प बसत नाहीत. कॉम्प्युटर मात्र क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग समोरचा माणूस विचार करेपर्यंत मुकाट बसून राहतो. त्याच्यासाठी लाइन अडवून ठेवली तर बहुतेक वेळ ती रिकामीच पडून राहते. शिवाय मधलं एखादं एक्स्चेंज बंद पडलं की सगळा संवाद तुटतो.

यावर उपाय म्हणून जी कल्पना निघाली ती समजायला जुनी पोथी डोळ्यांसमोर आणा. पोथीची पानं शिवलेली नसतात, सुटी असतात, आणि प्रत्येक पानावर आकडा असतो. अशी पोथी दुसऱ्या गावी पाठवायची आहे. सगळा गठ्ठा एकाच माणसाच्या हाती न देता प्रत्येक पानावर पत्ता लिहायचा आणि त्या दिशेला जो कोणी निघेल त्याच्याकडे एकेक पान द्यायचं. पानं वेगवेगळ्या रस्त्यांनी जातील, मागेपुढे पोचतील, एखादं वाटेत गहाळ होईल. घेणाऱ्याने आकड्यांप्रमाणे पानं लावायची, आणि सतरावं पान दिसत नसेल तर तेवढंच पुन्हा मागवायचं. रस्ता कोणा एकाचा नाही, म्हणून त्याच रस्त्याने त्याच वेळी इतर शंभर जणांच्या पोथ्याही जाऊ शकतात. या सुट्या पानाला म्हणायचं पॅकेट.

ही कल्पना दोन माणसांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेत रँड या संस्थेतले पॉल बॅरन खरोखरच अणुयुद्धाचा विचार करत होते. हल्ल्यात निम्मी केंद्रं नष्ट झाली तरी उरलेल्यांनी एकमेकांशी बोलावं, हा त्यांचा प्रश्न. १९६४ मध्ये त्यांनी आपला अभ्यास अनेक खंडांत प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष आजही थक्क करतो: प्रत्येक केंद्र शेजारच्या तीन-चार केंद्रांना जोडलेलं असेल तर एवढ्या जादा जोडण्यांतही जाळं प्रचंड मार खाऊन तगून राहतं. टेलिफोन क्षेत्रातली सर्वेसर्वा कंपनी असलेल्या एटी अँड टीला मात्र हे सगळं खुळचट वाटलं, आणि बॅरन यांची योजना कागदावरच राहिली. तिकडे इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ मध्ये हेच सुचलं, पण युद्धाचा काही संबंध नसताना. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला उत्तर पटकन मिळावं एवढंच त्यांना हवं होतं. ‘पॅकेट’ हे नाव त्यांचंच. गंमत म्हणजे दोघांनीही पॅकेटचा आकार १०२४ बिट्सच्या आसपास ठरवला होता, तोही एकमेकांचं काम माहीत नसताना.

म्हणजे अणुबॉम्बची गोष्ट बॅरन यांच्या बाबतीत खरी. पण ज्या जाळ्यापासून पुढे इंटरनेट आलं ते अर्पानेट वेगळ्याच गरजेतून निघालं, आणि ती गरज अगदी सरकारी कचेरीतली होती.

रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने संरक्षण खात्यात आर्पा ही संशोधन संस्था काढली. १९६६ मध्ये तिच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते बॉब टेलर. पेंटागॉनमधल्या त्यांच्या ऑफिसशेजारच्या खोलीत तीन टर्मिनलं होती. एक बर्कलेच्या कॉम्प्युटरला जोडलेलं, दुसरं सांता मोनिकाच्या, तिसरं बोस्टनजवळच्या एमआयटीच्या. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या, लॉगिन वेगळं. एका टर्मिनलवर कोणाशी बोलत असताना दुसऱ्या गावच्या माणसाला त्यात घ्यायचं, तर खुर्ची सोडून दुसऱ्या टर्मिनलपाशी जाऊन बसायचं. शिवाय प्रत्येक विद्यापीठ आर्पाकडे स्वतःसाठी वेगळा महागडा कॉम्प्युटर मागत होतं. टेलर यांचं म्हणणं साधं होतं: एकाच टर्मिनलवरून कुठेही जाता आलं पाहिजे. ते वरिष्ठ चार्ल्स हर्ट्झफेल्ड यांच्याकडे गेले आणि, टेलर सांगायचे त्याप्रमाणे, वीस मिनिटांत दहा लाख डॉलर मंजूर करून बाहेर आले. आपल्याकडच्या कुठल्याही खात्यात फाइल फिरवलेल्या माणसाला हा प्रसंग इतिहासापेक्षा परीकथा वाटेल.

पैसे मिळाले, माणूसही मिळाला: एमआयटीच्या लिंकन लॅबमधले लॅरी रॉबर्ट्स. पण ज्यांचे कॉम्प्युटर जोडायचे तीच मंडळी नाखूश होती. आपल्या मशीनवर बाहेरचे लोक येऊन वेळ खाणार, वर नेटवर्क सांभाळायचं कामही आपल्याच मशीनला लागणार, हे त्यांना नको होतं. १९६७ च्या एका बैठकीनंतर कॉम्प्युटर डिझाइनर वेस क्लार्क यांनी तोड काढली. मोठ्या कॉम्प्युटरांना हातच लावायचा नाही; प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा, आणि पॅकेटांची सगळी नेआण या छोट्यांनी आपापसात करायची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका परिषदेत डेव्हिस यांच्या सहकाऱ्यांकडून रॉबर्ट्स यांना पॅकेटांचा तपशील कळला, आणि बॅरन यांच्या कामाचं महत्त्वही तिथेच लक्षात आलं. आपल्याच देशातली गोष्ट इंग्रजांकडून कळली म्हणायची.

त्या छोट्या कॉम्प्युटरचं नाव इम्प. त्याचं कंत्राट आयबीएमसारख्या बड्यांना न जाता केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन या छोट्या कंपनीला मिळालं. ‘छोटा’ म्हणायचा तो फक्त ताकदीने: फ्रिजएवढा, लष्करी पद्धतीच्या भक्कम लोखंडी पेटीत बंद केलेला हनीवेल ५१६, मेमरी जेमतेम २४ किलोबाइट. आज व्हॉट्सअॅपवर आलेलं गुड मॉर्निंगचं चित्रही त्यात मावणार नाही.

पहिला इम्प १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. दुसरा ऑक्टोबरात सुमारे ५०० किलोमीटर दूर, मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत. २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला यूसीएलएचा विद्यार्थी चार्ली क्लाइन पलीकडच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला बसला. पलीकडे बिल डुव्हाल. दोघांच्या कानाला साधा टेलिफोन, कारण नेटवर्क चालतंय की नाही हे विचारायला फोनशिवाय दुसरं साधन नव्हतं. क्लाइनने ‘एल’ टाइप केलं. आलं का? आलं. ‘ओ’ टाइप केलं. आलं का? आलं. ‘जी’ टाइप केलं आणि पलीकडचा कॉम्प्युटर कोसळला.

हा प्रसंग सगळीकडे सांगतात, पण तो का कोसळला हे फारसं कोणी सांगत नाही, आणि मजा तिथेच आहे. एसआरआयचं मशीन मदतीला तत्पर होतं. सुरुवातीच्या अक्षरांवरूनच वापरणाऱ्याला ‘लॉगिन’ म्हणायचंय हे ते ओळखायचं आणि उरलेली अक्षरं स्वतःच भरून एकदम परत पाठवायचं. मधल्या प्रोग्रॅमने मात्र एका वेळी एकच अक्षर येईल असं धरून चालून तेवढीच जागा ठेवली होती. जादा अक्षरं आली आणि प्रोग्रॅम गडगडला. डुव्हालने जागा वाढवली, तासाभराने लॉगिन पूर्ण झालं. क्लाइनने प्रयोगशाळेच्या वहीत एका ओळीची नोंद केली: एसआरआयशी बोलणं झालं. बस्स. वर्ष संपेपर्यंत सांता बार्बरा आणि युटा ही दोन विद्यापीठं जोडून चार केंद्रं झाली.

नेटवर्कवर कोणी कसं बोलावं याचे नियम तयारच नव्हते; ते ठरवायचं काम आपसूक विद्यार्थ्यांकडे आलं. आपल्याला कोणी मोठं माणूस येऊन थांबवेल या भीतीने स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ७ एप्रिल १९६९ ला पहिलं टिपण लिहिलं तेच मुळी ‘अभिप्राय कळवावेत’ अशा सुरात. आरएफसी नावाने ही टिपणं आजही निघतात, त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे, आणि इंटरनेटचे नियम म्हणजे हीच टिपणं. ईमेलची कथाही अशीच. १९७१ मध्ये बीबीएनमधल्या रे टॉमलिन्सन यांनी कोणी सांगितलेलं नसताना ते करून पाहिलं. नाव आणि मशीन यांच्या मधे @ घातलं, आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दोन मशीनांमध्ये अर्पानेटमार्फत निरोप पाठवला. दूरचे कॉम्प्युटर वापरता यावेत म्हणून बांधलेल्या जाळ्यावर लोक मुख्यतः एकमेकांना पत्रं लिहू लागले.

पण हे अजून इंटरनेट नव्हे. अर्पानेट हे एकच नेटवर्क होतं, एकाच मालकाचं, एकाच पद्धतीच्या यंत्रांचं. आणि महत्त्वाचं म्हणजे ते हमी देत होतं. प्रत्येक इम्प पॅकेट पुढच्या इम्पला द्यायचा आणि ‘मिळालं’ अशी पोच येईपर्यंत आपल्याकडची प्रत जपून ठेवायचा. त्यामुळे टोकाच्या कॉम्प्युटरांना हरवण्याची चिंता नव्हती. त्यांच्या एनसीपी या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे बोलण्याच्या नियमावलीत, वाटेत हरवलेल्याची सोय पाहण्याची तरतूदच नव्हती; सगळी भिस्त मधल्या यंत्रणेवर.

१९७० च्या दशकात आर्पाने आणखी दोन जाळी उभी केली आणि इथे घोडं पेंड खाऊ लागलं. एक होतं सॅन फ्रान्सिस्को परिसरातलं रेडिओवर चालणारं नेटवर्क, धावत्या गाडीत वापरता येण्याजोगं. दुसरं अटलांटिकपलीकडे जाणारं, उपग्रहावरचं. रेडिओत गाडी पुलाखाली गेली की पॅकेट गायब. उपग्रहात पॅकेट वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. पॅकेटचे आकार वेगळे, वेग वेगळे, चुकांचं प्रमाण वेगळं. या तिघांना जोडायचं कसं? तिन्ही जाळी बदलून एकसारखी करणं हा एक मार्ग होता. त्यात उद्या चौथं जाळं आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बीबीएनमधून आर्पात आलेल्या बॉब कान यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हिंट सर्फ यांना गाठलं, आणि दोघांनी प्रश्नच उलटा केला. कान यांनी घातलेल्या अटी पाहिल्या की त्यांची धिटाई कळते. कुठल्याही नेटवर्कला जोडून घेण्यासाठी आतून काही बदलावं लागू नये. दोन नेटवर्कांच्या वेशीवर एक पेटी असेल, तिला गेटवे म्हणू (आज आपण राउटर म्हणतो). तिने पॅकेटवरचा पत्ता वाचायचा, पुढे ढकलायचं आणि विसरून जायचं. कोणाचं संभाषण चाललंय, किती पॅकेटं झाली, याची नोंद तिने ठेवायची नाही. सगळ्यावर देखरेख करणारं मुख्यालय कुठेच नसेल. आणि पॅकेट पोचेल अशी खात्री कोणीही देणार नाही. पाठवणाऱ्याने हरवलेलं पुन्हा पाठवावं.

फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी सिक्लाद नावाच्या नेटवर्कमध्ये हा हात वर करण्याचा प्रकार आधीच करून दाखवला होता, आणि त्याचं ऋण सर्फ-कान जोडीने मान्यही केलं. तिथल्या टेलिफोन खात्याला तो अर्थातच रुचला नाही, आणि काही वर्षांतच त्या प्रकल्पाचा पैसा आटला.

मग मधे कोणी जबाबदार नसताना फाइल शाबूत पोचते कशी? पाठवणारा कॉम्प्युटर प्रत्येक बाइटला क्रमांक देतो. घेणारा ‘अमुक क्रमांकापर्यंत मिळालं’ अशी पोच पाठवत राहतो. पाठवणाऱ्याकडे घड्याळ चालू असतं. ठराविक वेळेत पोच आली नाही तर तो समजतो की माल गेला, आणि पुन्हा पाठवतो. पोचच वाटेत हरवली असेल तर तेच बाइट दोनदा येतील. क्रमांक बघून घेणारा दुसरी प्रत फेकून देतो. वाटेत बिट फिरले असतील तर पॅकेटासोबत पाठवलेल्या बेरजेचा ताळा जमत नाही, असं पॅकेट आलंच नाही असं मानायचं. घेणाऱ्याची जागा भरत आली तर तो पोचेबरोबरच ‘आता एवढंच पाठव’ असंही सांगतो. या सगळ्यात मधल्या पेटीला काहीही कळावं लागत नाही. ती मधेच बंद पडून पुन्हा चालू झाली तरी टोकाच्या दोघांचं संभाषण तुटत नाही, कारण संभाषणाची आठवण तिच्याकडे कधी नव्हतीच.

सर्फ आणि कान यांचा शोधनिबंध मे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधातली कल्पना आणि चालणारा प्रोग्रॅम यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर काटणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे: योगेन दलाल. आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून ते स्टॅनफर्डला सर्फ यांच्याकडे शिकायला गेले. डिसेंबर १९७४ च्या ६७५ क्रमांकाच्या आरएफसीवर सर्फ, दलाल आणि कार्ल सनशाइन अशी तीन नावं आहेत. क्रमांक आणि पोच यांच्या या प्रोटोकॉलचं नाव टीसीपी, आणि त्याचा हा पहिला सविस्तर आराखडा. त्यांना छळणारा एक प्रश्न फार अवघड होता. कालच्या, केव्हाच संपलेल्या संभाषणातलं पॅकेट कुठेतरी रेंगाळून आज उगवलं, तर ते आजच्या संभाषणात घुसणार नाही कशावरून? यावर पुढे निघालेलं उत्तर, ज्यात टॉमलिन्सन यांचा मोठा हात होता, आजही तुमचा मोबाइल प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला वापरतो. मी म्हणतो, ‘माझी मोजणी या आकड्यापासून.’ तू म्हणतोस, ‘तुझा आकडा कळला, माझी या आकड्यापासून.’ मी म्हणतो, ‘तुझाही कळला.’ अशी तीन पॅकेटं झाली की मगच कामाचं बोलणं.

२२ नोव्हेंबर १९७७ ला तिन्ही जाळी एकत्र जोडून पाहिली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेशोर फ्रीवेवर एसआरआयची व्हॅन धावत होती, आत रेडिओ टर्मिनल. तिथून निघालेली पॅकेटं रेडिओ नेटवर्कमधून अर्पानेटवर, तिथून उपग्रहामार्गे अटलांटिक ओलांडून युरोपात, आणि पुन्हा अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या मशीनवर. व्हॅनपासून मुक्कामाचं ठिकाण सुमारे ४०० मैल. सर्फ यांच्या हिशेबाने पॅकेटांनी जाऊन-येऊन ९४,००० मैल कापले. मजकूर जसाच्या तसा आला. माझ्या मते इंटरनेटला वाढदिवस द्यायचाच असेल तर तो हा. १९६९ ची ती रात्र नाट्यमय आहे खरी, पण तेव्हा दोन कॉम्प्युटर जोडले गेले होते. इथे एकमेकांशी काडीचं साम्य नसलेली तीन नेटवर्कं जोडली गेली.

१९७८ मध्ये टीसीपीचे दोन तुकडे झाले, आणि त्याचं श्रेय आवाजाला आहे. नेटवर्कवरून बोलणं पाठवण्याचे प्रयोग करणारे डॅनी कोहेन म्हणत होते की आवाजाचं हरवलेलं पॅकेट परत मागवून काय करायचं? ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा क्षणभर खरखर झालेली चालेल. म्हणून पत्ता वाचून पुढे ढकलण्याचं काम वेगळं केलं, ते आयपी. हरवलेलं परत मागवण्याचं काम टीसीपीकडे राहिलं, ज्याला हवं त्याने वापरावं. व्हिडिओ कॉलमध्ये चेहऱ्याचे चौकोन होतात आणि डाउनलोड केलेल्या पीडीएफमध्ये मात्र एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, याचं मूळ त्या निर्णयात आहे.

१ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर एनसीपी बंद, फक्त टीसीपी-आयपी, असा हुकूम निघाला. काही शेकडो मशीनांचाच प्रश्न होता, तरी लोक चालढकल करत राहिले. मग १९८२ मध्ये सर्फ आणि जॉन पोस्टेल यांनी मुद्दाम काही काळ एनसीपी बंद करून दाखवलं. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं ईमेल थांबलं, ओरडाआरडा झाला, आणि कामाला वेग आला. बदलाचं दिव्य पार पडल्यावर ‘मी यातून वाचलो’ असे बिल्ले वाटण्यात आले. १९८३ मध्येच पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे नावावरून मशीनचा आकडा शोधून देणारी, अनेक ठिकाणी वाटलेली यादी. तोपर्यंत सगळ्या मशीनांची नावं आणि आकडे एसआरआयमधल्या एकाच यादीत ठेवलेले असत आणि प्रत्येकाने ती यादी उतरवून घ्यायची. त्याच वर्षी बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही टीसीपी-आयपी आयतं मिळू लागलं, आणि विद्यापीठांत ते वणव्यासारखं पसरलं.

मोठ्या दरबारात मात्र अजून मान नव्हता. आंतरराष्ट्रीय समित्या ओएसआय नावाची सर्वांगसुंदर प्रोटोकॉल-माला बनवत होत्या, युरोपातली सरकारं तिच्या पाठीशी होती, आणि खुद्द अमेरिकी सरकारनेही १९८८ मध्ये आपल्या खात्यांनी ओएसआयकडे वळावं असं ठरवलं. कागदावर ती खरंच देखणी होती. टीसीपी-आयपीची जमेची बाजू एवढीच की ते चालत होतं आणि फुकट होतं. कानामागून आलं आणि तिखट झालं.

‘टोकांनीच काय ते बघावं’ या तत्त्वाची खरी कसोटी १९८६ च्या ऑक्टोबरात लागली. बर्कलेचं विद्यापीठ आणि टेकडीवरची लॉरेन्स बर्कले लॅब यांच्यात अंतर ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिट्सवरून चक्क ४० बिट्सवर आला. आठशेपटीने कमी! लॅबमधले व्हॅन जेकबसन छडा लावायला बसले. कारण टीसीपीच्या सज्जनपणातच होतं. वाटेत गर्दी झाली की पॅकेटं टाकून दिली जात. पोच आली नाही म्हणून सगळे कॉम्प्युटर तीच पॅकेटं पुन्हा पाठवत. त्याने गर्दी आणखी वाढे, आणखी पॅकेटं पडत. तार पूर्ण भरलेली, पण तिच्यावर धावणारा बहुतेक माल तोच तोच.

टेलिफोनच्या जगात यावर मधल्या यंत्रणेला शहाणं केलं असतं. जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्या साथीने टोकांनाच रीत शिकवली. पॅकेट हरवलं याचा अर्थ पुढे गर्दी आहे असा घ्या, आणि आपला वेग झटकन निम्मा करा. पोच व्यवस्थित येऊ लागली की वेग हळूहळू वाढवत जा. पुन्हा हरवलं, पुन्हा निम्मा. मधली एकही पेटी न बदलता, फक्त बर्कले युनिक्सच्या नव्या आवृत्तीतून ही सुधारणा पसरली आणि कोंडी फुटली. मोठी फाइल उतरताना वेगाचा आकडा आजही वरखाली होत राहतो त्यामागे हीच चाचपणी आहे. जेकबसन यांच्या कामाला परीक्षेच्या गाइडमध्ये जागा नसते, पण त्यांच्याशिवाय इंटरनेट नव्वदीत पोचलं असतं की नाही शंकाच आहे.

अर्पानेट २८ फेब्रुवारी १९९० ला बिनबोभाट बंद झालं. तोवर त्याचं काम अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या नेटवर्कने उचललं होतं. त्याच सुमारास जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेत बर्नर्स-ली वेब बनवत होते. त्यासाठी त्यांना इंटरनेटच्या कुठल्या मालकाची परवानगी काढावी लागली नाही, कारण मधल्या पेट्यांना पॅकेटात काय आहे हे माहीत असायची गरजच नव्हती.

भारतात हे सगळं आलं ते मुंबईच्या दारातून. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने युएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. जुहूच्या या संस्थेचे संचालक श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीने १९८९ मध्ये तिथून अमेरिकेतल्या यूयूनेट या इंटरनेट सेवा देणाऱ्या संस्थेला लीज्ड लाइन गेली, वेग ९.६ किलोबिट. देशभरच्या संशोधकांचं परदेशी ईमेल या लाइनवरून जात असे.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि दिलं कोणी, तर व्हीएसएनएलने, म्हणजे परदेशी फोन कॉलची मक्तेदारी असलेल्या सरकारी कंपनीने. डायल-अप घ्यायचं, पण त्यावरून फोनसारखं बोलायचं नाही, अशी बंदी होती. कारण उघड होतं. आयएसडीचं उत्पन्न बुडालं असतं. पण आवाजाचं पॅकेट आणि पत्राचं पॅकेट यांत मधल्या पेटीला फरक कळू नये अशीच तर तिची रचना होती. मुलं अमेरिकेत असलेल्या घरांतून हेडफोन लावून खरखरीत गप्पा चालतच राहिल्या. १ एप्रिल २००२ ला सरकारने इंटरनेटवरून बोलायला परवानगी दिली, अर्थात अटी घालून. व्हीएसएनएलची परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपली तीही त्याच तारखेला.